इंग्लंडच्या जुन्या खेड्यांची चित्र-कार्डे सापडली आहेत. ती वाचायची कशी?

वर्धाकाठ (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराचे कवेलू फेरताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात जुन्या पावत्या, कापसाच्या गाठींच्या हिशेबाची एक वही आणि इंग्लंडमधून आलेली 23 चित्र-कार्डे होती. माझे पणजोबा एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून होते. तेथला इंग्रज मॅनेजर नोकरी सोडून मायदेशी परतताना बंगल्यातील बरेचसे सामान वाटून गेला आणि त्यातून ही कार्डे आमच्या घरी आली, असे आजीकडून ऐकले होते. सगळी कार्डे त्या मॅनेजरच्या नावाने आलेली असून पाठीमागची शाई बहुतेक ठिकाणी पुसट झाली आहे.

बरीचशी कार्डे चर्चची आणि समुद्रकिनाऱ्याची आहेत, त्यांच्याविषयी मला फारसे कुतूहल नाही. पाच कार्डे मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पहिले चिपिंग कॅम्पडन नावाच्या गावातील कमानींच्या दगडी मंडपाचे आहे आणि रंगीत आहे. दुसरे क्लोव्हेली या समुद्राकाठच्या गावाचे असून त्यात गोट्यांच्या फरसबंदीची उभी चढण आणि तीवरून ओझे नेणारी गाढवे दिसतात. तिसऱ्यावर स्ट्रॅटफर्ड येथील 'मॉप' असा मथळा आहे आणि भर चौकातल्या गर्दीत अख्खा बैल सळईवर भाजला जात आहे. चौथ्यात गव्हाची सोंगणी चालली आहे. घोड्यांच्या गाडीवर पेंढ्यांचा डोंगर रचला आहे आणि गाडीच्या मागे, रिकाम्या झालेल्या वावरात, सात-आठ बाया वाकून काहीतरी वेचत आहेत. पाचव्या कार्डावर गावाचे नाव नाही. एक पांढरी धुळीची सडक, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली घरे, सडकेच्या मधोमध उभी राहून कॅमेऱ्याकडे बघणारी नऊ मुले, एक हातपंप, खांद्यावर आडवे लाकूड घेऊन दोन बादल्या नेणारी एक बाई आणि कडेला एक मोटार, एवढे त्यात आहे. मोटारीच्या पाटीवर 'एडी' ही दोन अक्षरे वाचता येतात, पुढचे आकडे नीट लागत नाहीत. मॅनेजर लँकेशायरचा होता असे म्हणतात, त्यामुळे हे गाव तिकडचेच असावे असा माझा अंदाज आहे.

मी शाळेत शिकवतो. ही कार्डे नववीच्या वर्गात दाखवली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, इतकी चांगली गावे सोडून हे लोक आपल्याकडच्या उन्हात कशाला आले?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कार्डांचा काळ कसा ठरवावा, त्यांत दिसणारे गाव कितपत खरे मानावे आणि हा कागद कसा जपावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

टपालवेडा (अकोला)

सर, मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे आणि जुनी कार्डे गोळा करण्याचा नाद मला नोकरीच्या आधीपासूनचा आहे. माझा पहिला सल्ला असा की चित्र नंतर बघावे, आधी पाठ बघावी. चित्र फसवते, पाठ सहसा फसवत नाही.

ब्रिटनमध्ये साधे पोस्टकार्ड 1 ऑक्टोबर 1870 रोजी सुरू झाले. खासगी प्रकाशकांची चित्रे असलेली कार्डे टपालात टाकण्याची मुभा 1894 मध्ये मिळाली, परंतु तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहिता येत असे. त्यामुळे त्या काळच्या कार्डांवर लोक चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने मजकूर लिहीत. 1902 मध्ये पाठीचे दोन भाग करण्याची परवानगी मिळाली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. सुरुवातीची काही वर्षे ही सवलत सर्व देशांना मान्य नव्हती, म्हणून डाव्या भागावर 'ही जागा मजकुरासाठी फक्त देशांतर्गत टपालात वापरावी' अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली असे. तशी सूचना आपल्या एखाद्या कार्डावर असेल तर ते कार्ड 1902 ते 1907 च्या आगेमागे छापलेले समजावे.

तिकिटाविषयी एक गोष्ट सांगतो, कारण येथे नवशिके हमखास चुकतात. ब्रिटनमधील संग्राहकांचा ठोकताळा असा आहे की अर्ध्या पेनीचे हिरवे तिकीट असेल तर कार्ड जून 1918 पूर्वीचे, आणि एका पेनीचे तांबडे तिकीट असेल तर त्यानंतरचे, कारण त्या महिन्यात पोस्टकार्डाचा दर दुप्पट झाला. परंतु हा दर देशांतर्गत टपालाचा होता. परदेशी आणि वसाहतींत जाणाऱ्या कार्डाला आधीपासूनच एक पेनी पडत असे, त्यामुळे आर्वीला आलेल्या कार्डावरचे तांबडे तिकीट पाहून ते 1918 नंतरचे ठरवू नये. तिकिटावरचा राजा बघावा. सातव्या एडवर्डची तिकिटे 1902 च्या जानेवारीपासून निघाली आणि पाचव्या जॉर्जची 1911 च्या जूनपासून. दोघांनाही दाढी आहे, म्हणून भिंग घ्यावे. एडवर्डला टक्कल आहे, जॉर्जचा भांग नीट पाडलेला आहे.

कार्ड पाठवल्याचा काळ आणि चित्र टिपल्याचा काळ एकच असेल असेही नाही. प्रकाशक एकाच काचेच्या निगेटिव्हवरून दहा-पंधरा वर्षे कार्डे काढत राहत. म्हणून चित्रातील वस्तू तपासाव्या लागतात. मोटारीला नोंदणी क्रमांकाची पाटी लावणे ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1904 पासून सक्तीचे झाले आणि प्रत्येक परगण्याला स्वतःची अक्षरे मिळाली. 'एडी' ही अक्षरे ग्लॉस्टरशायरची आहेत. लँकेशायरचा अंदाज त्यामुळे डळमळतो. मोटार पाहुण्याचीही असू शकते हे खरे, पण त्या काळी खेडेगावात उभी असलेली मोटार शेजारच्याच गावातल्या डॉक्टरची किंवा जमीनदाराची असण्याचा संभव अधिक असतो. गावात महायुद्धातील मृतांचे स्मारक दिसते का, तेही पाहावे. 1918 नंतरच्या काही वर्षांत ती जवळपास गावोगाव उभी राहिली. स्मारक दिसले तर काळ निश्चित होतो, दिसले नाही तर ते चौकटीबाहेरही असू शकते, एवढे भान ठेवावे.

रंगीत कार्डावर रंगापुरता विश्वास ठेवू नये. 1914 पूर्वी ब्रिटिश कार्डांचा मोठा हिस्सा जर्मनीत छापला जाई आणि मूळ चित्र काळे-पांढरेच असे. ज्या कारागिराने चिपिंग कॅम्पडनच्या छपराला तांबडा रंग दिला असेल त्याने ते गाव जन्मात पाहिलेले नसते, आणि तेथला दगड तर मधासारखा पिवळसर आहे.

जपणुकीविषयी थोडक्यात लिहितो. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, गोंद तर नकोच. कार्डे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत आणि ती पाकिटे जमिनीपासून उंच, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावीत. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत दमट हवा कोंडते आणि कसर लागते. दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. लोक पाठ स्कॅन करायची विसरतात.

धुऱ्यावरून (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला फार आवडला. मी शेतकरी आहे, इतिहास आवडीने वाचतो. शहरातल्या माणसाला ही कार्डे पाहून हवापालट आठवतो, मला त्यांत काम दिसते.

तुमच्या चौथ्या कार्डातल्या बाया सरवा वेचत आहेत. आपल्याकडे जसा सोंगणीनंतर वावरात पडलेला सरवा गरिबांनी वेचायचा असतो, तसाच तेथे होता, आणि एका मजूर कुटुंबाला त्यातून हिवाळ्यातल्या काही आठवड्यांच्या पिठाची सोय करता येत असे. काही गावांत चर्चची घंटा वाजल्यावरच वेचायला उतरायचे, म्हणजे कोणी आधी जाऊन चांगले चांगले उचलू नये, असा दंडक होता. 1788 मध्ये तेथल्या न्यायालयाने असा निकाल दिला की सरवा वेचण्याचा गरिबांना कायद्याने हक्क नाही, मालकाची मर्जी असेल तरच वेचावे. तरीही ही रीत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. ते कार्ड विकत घेणाऱ्याला त्यात सोनेरी शेत आणि निवांत दुपार दिसली असेल. वाकलेल्या बाईला कंबर दिसत होती.

पाचव्या कार्डातली बाई जे आडवे लाकूड घेऊन चालली आहे, ती सरळ सरळ कावड आहे. फरक इतकाच की ते लाकूड मानेला आणि खांद्यांना बसेल असे कोरलेले असते. हातपंप कार्डात शोभेचा दिसतो, पण तेच गावाचे पाणी होते. इंग्लंडच्या खेड्यांत नळाचे पाणी सर्वत्र पोहोचलेले नव्हते, आणि त्यासाठी सरकारी पैसा देणारा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा कायदा 1944 मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना झाला. ज्या देशाने आपल्याकडे 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आणली, त्याच्या स्वतःच्या खेड्यातली बाई त्यानंतरही कित्येक दशके कावडीने पाणी भरत होती. हे मुलांना अवश्य सांगा.

घरांचेही तसेच. त्यांच्या जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या भिंती म्हणजे आपला कूड. आपण तुराट्या किंवा पऱ्हाट्या बांधून त्यांवर माती-शेणाचा लेप देतो. ते लवचीक काड्या विणून त्यांवर माती, चिरलेला पेंढा आणि शेण थापत. सफोक परगण्यातील लॅव्हनमची वाकडीतिकडी घरे पाहायला आज जगभरातून लोक जातात, त्यांच्या पोटात हाच कूड आहे. शाकारणीसाठी नॉरफोककडे पाणथळीतला बोरू आणि इतरत्र गव्हाचा लांब पेंढा वापरत. गवताची गंजीदेखील ते घरासारखी शाकारत असत. जुन्या चित्रांत घराइतक्या मोठ्या आणि छपराच्या गंज्या दिसतात, त्या पाहून आमच्या सालदाराने विचारले होते की यात कोण राहते.

सालदारावरून तुमच्या तिसऱ्या कार्डाकडे येतो. 'मॉप' ही मुळात जत्रा नाही. तो सालदार ठरवण्याचा बाजार होता. आपल्याकडे पाडव्याला साल ठरते, तसे इंग्लंडच्या मध्यभागात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, पीक घरात आल्यावर ठरत असे. गडी आणि मोलकरणी चौकात रांगेने उभ्या राहत आणि आपले काम कळावे म्हणून अंगावर खूण लावत. मेंढपाळ टोपीत लोकरीचा झुपका खोवी, गाडीवान चाबकाची दोरी लावी आणि घरकाम करणारी मुलगी हातात पुसणे धरून उभी राही, त्या पुसण्यावरून बाजाराला 'मॉप' नाव पडले असे सांगतात. सौदा जमला की मालक हातावर एक नाणे ठेवी. आपण त्याला इसार म्हणतो. इसार घेतला की वर्षभर सुटका नाही. स्ट्रॅटफर्डला मुख्य बाजार 12 ऑक्टोबरच्या सुमारास भरे आणि त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी 'पळपुट्यांचा मॉप' भरे. ज्यांना नवा मालक पटला नाही ते तेथे पुन्हा उभे राहत. बैल भाजण्याचा थाट फोटोत येतो, रांगेत उभ्या राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची छाती कशी धडधडत असेल ते येत नाही. तुमचे कार्ड निघाले तोवर त्या बाजारातले भरतीचे काम बरेच ओसरून पाळण्यांची जत्रा शिल्लक राहिली होती, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुलाचे उत्तर. ती गावे ओस पडत होती. 1851 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शहरांत राहणारे प्रथमच खेड्यांतल्या लोकांहून जास्त झाले आणि 1901 पर्यंत दर चार माणसांत तिघांहून अधिक शहरी झाले होते. 1870 नंतर अमेरिकेच्या मोकळ्या माळरानांवरचा गहू रेल्वेने आणि आगबोटीने स्वस्तात येऊ लागला आणि तेथल्या गव्हाचा भाव कोसळत गेला. 1894 मध्ये तो क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचे जुने इंग्रजी माप) 22 शिलिंग 10 पेन्सपर्यंत खाली आला, वीस वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. भाव पडला म्हणजे काय होते ते दारव्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मजुराचे घर बहुधा मालकाच्या मालकीचे असे आणि काम सुटले की घरही सुटत असे. जोसेफ आर्च नावाच्या कुंपण छाटणाऱ्या मजुराने 1872 मध्ये वॉरिकशायरमधील वेल्सबर्न येथे एका झाडाखाली सभा घेऊन शेतमजुरांची संघटना उभी केली, ती ह्याच पार्श्वभूमीवर. वेलींनी मढलेल्या त्या सुंदर झोपडीत दोन खोल्यांत आठ-नऊ माणसे झोपत, छप्पर गळे आणि म्हातारपणी अनाथालयवजा सरकारी कामघराची भीती असे. सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला 5 शिलिंग पेन्शन मिळू लागले ते 1909 च्या जानेवारीपासून.

म्हणून माझे मत असे की ही कार्डे म्हणजे विकायचा माल होता, आणि विकायच्या मालावर कोणी घरातले दुखणे छापत नाही. त्यांवर खरेपणा शोधू नये.

डार्करूम (परतवाडा, जि. अमरावती)

धुऱ्यावरून यांनी फार मोलाचे लिहिले आहे, परंतु शेवटचे वाक्य मला मान्य नाही. आमचा फोटो स्टुडिओ तीन पिढ्यांचा आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूने चार शब्द लिहितो.

खेड्याचे चित्र आणि फोटोग्राफी यांचा संबंध इंग्लंडमध्ये अगदी जन्मापासूनचा आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने 1835 च्या ऑगस्टमध्ये आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे जे इवलेसे निगेटिव्ह घेतले, ते घर विल्टशायरमधील लॅकॉक या खेड्यात आहे. पुढे 1840 च्या दशकात त्याने गवताची गंजी आणि दाराला टेकवलेला खराटा यांचीही चित्रे घेतली. म्हणजे फोटोग्राफीच्या पहिल्या दशकातच कॅमेऱ्यापुढे खराटा होता.

1851 नंतर काचेवरची ओली पद्धत आली. काचेला द्रव फासायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत धुवायचे, हे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे छायाचित्रकार काळोखी तंबू आणि रसायनांच्या बाटल्या गाडीत घालून हिंडत. प्रकाश घ्यायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात जो हलला तो धुरासारखा पुसला जाई. 1860 आणि 1870 च्या दशकांतल्या चित्रांतले रस्ते निर्मनुष्य दिसतात त्याचे एक कारण हे आहे, गाव रिकामे होते असे लगेच समजू नये. 1871 मध्ये मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, दहा-बारा वर्षांत त्या काचा बाजारात सर्रास मिळू लागल्या आणि मग चालता माणूसही चित्रात थांबू लागला.

आता 'विकायचा माल' हा मुद्दा. माल होता हे खरे, परंतु गिऱ्हाईक कोण हे पाहावे लागते. फ्रान्सिस फ्रिथ याने 1860 च्या सुमारास सरे परगण्यातील रायगेट येथे कंपनी काढली आणि ब्रिटनमधील प्रत्येक गाव-शहर टिपण्याचा संकल्प केला. तिचे गिऱ्हाईक प्रवासी होते, म्हणून चर्च, पूल, हॉटेल आणि मुख्य रस्ता ही ठरलेली दृश्ये. क्लोव्हेलीचे कार्ड या जातीचे आहे. त्या गावात चढणीमुळे चाकाची गाडी जात नाही, म्हणून गाढवे आणि घसरगाड्या, आणि गाढवे होती म्हणून प्रवासी. अशा मोठ्या कंपन्यांच्या कार्डावर कोपऱ्यात बहुधा निगेटिव्हचा छापील क्रमांक असतो.

तुमचे पाचवे कार्ड वेगळ्या जातीचे दिसते. त्यावर नाव नाही, मुले मधोमध उभी आहेत, कोणी हलवून बाजूला केलेली नाहीत. असे कार्ड जवळच्या बाजारगावातला एखादा छोटा छायाचित्रकार काढत असे आणि ते त्याच गावात विकत असे. नऊ मुले चित्रात घेतली म्हणजे निदान पाच-सहा घरांत कार्ड खपणार, हा त्याचा साधा हिशेब होता. आमचे आजोबा शाळेच्या समूहचित्रात शिपायालादेखील उभे करत, ते याच हिशेबाने. ज्यांचे चित्र त्यांनाच विकायचे असेल तर फार खोटे बोलता येत नाही. पंपाजवळचा चिखल आणि बाईची कावड तशीच राहते.

शिवाय केवळ विक्रीसाठी न काढलेली चित्रेही आहेत. पी. एच. इमर्सन या डॉक्टरने नॉरफोकच्या पाणथळ भागातील बोरू कापणारे, मासेमार आणि होडीवाले यांची 40 प्लॅटिनम छायाचित्रे 1886 मध्ये ग्रंथरूपाने काढली. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे खोटा शेतकरी उभा करणाऱ्यांवर तो तुटून पडत असे. त्याचीही माणसे सांगितल्यावरच थांबलेली आहेत, पण हातातले काम त्यांचेच आहे. यॉर्कशायरच्या व्हिटबी या बंदरात फ्रँक मेडो सटक्लिफ याने उन्हाळी पाहुण्यांचे फोटो काढून पोट भरले आणि उरल्या वेळात कोळ्यांना, जाळी विणणाऱ्यांना आणि बंदरात उघड्याने डुंबणाऱ्या पोरांना टिपले. बर्मिंगहॅमचा खासदार बेंजामिन स्टोन याने तर 1897 मध्ये लोकांचे सण, चालीरीती आणि जुन्या इमारती नोंदवून ठेवण्यासाठी छायाचित्रकारांची देशव्यापी संघटना काढली. ती 1910 पर्यंत चालली आणि तिची चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाली. स्टॅफर्डशायरमधील ॲबट्स ब्रॉम्ली गावात रेनडिअरची शिंगे खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसांची त्याची चित्रे मला फार आवडतात. ती माणसे आपल्याकडच्या पोळ्यातल्या बैलांइतकीच गंभीर दिसतात.

चिपिंग कॅम्पडनविषयी एक. तो मंडप 1627 मध्ये लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांसाठी बांधला होता. लोकरीच्या व्यापारावर ते गाव श्रीमंत झाले आणि व्यापार गेल्यावर तसेच थिजले. पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, म्हणून जुने टिकले. 1902 मध्ये लंडनमधून सुमारे 50 कारागीर आपल्या कुटुंबांसह तेथे राहायला आले, तेव्हा त्यांना रिकामी घरे सहज मिळाली होती. कार्डावर जे देखणेपण दिसते त्याचे निम्मे कारण दारिद्र्य आहे. हिंगणघाटापासून खामगावापर्यंत बंद जिनांच्या चिमण्या अजून उभ्या दिसतात, त्या पाडायलाही पैसे लागतात.

पाहायचेच असेल तर रीडिंग विद्यापीठाचे ग्रामीण जीवनाचे संग्रहालय, जे 1951 मध्ये सुरू झाले, आणि स्विंडन येथील हिस्टॉरिक इंग्लंडचा संग्रह यांची बरीच चित्रे घरबसल्या संगणकावर पाहता येतात.

धुऱ्यावरून

'खरेपणा शोधू नये' हे मी जास्तच तोडून लिहिले, ते मागे घेतो. स्थानिक छायाचित्रकाराचा हिशेब मला ठाऊक नव्हता. तरीही एक म्हणणे कायम ठेवतो: इमर्सनची प्लॅटिनम चित्रे बोरू कापणाऱ्याच्या घरात टांगलेली नव्हती, ती विकत घेण्याची ऐपत वेगळ्या लोकांची होती.

वर्धाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस भिंग घेऊन बसलो, त्याचा वृत्तांत देतो.

पाचव्या कार्डाच्या पाठीवर मध्यरेषा आहे, 'फक्त देशांतर्गत' ही सूचना नाही. तिकीट एका पेनीचे तांबडे आणि राजाचा भांग नीट पाडलेला, म्हणजे पाचवा जॉर्ज. स्मारक दिसत नाही. टपालवेडा काकांचे नियम लावले तर कार्ड 1911 नंतर आले आणि चित्र 1904 नंतरचे आहे, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो. सडकेवर डांबर नाही, मोटारीच्या मागे धुळीचा पट्टा अजून तरंगताना दिसतो, तेव्हा ती नुकतीच येऊन थांबली असावी आणि मुले बहुधा तिच्यासाठीच जमली असावीत, कॅमेऱ्यासाठी नव्हे. डार्करूम यांनी यावर मत द्यावे. क्लोव्हेलीच्या कार्डावर कोपऱ्यात छापील क्रमांक सापडला, या कार्डावर तसा काही नाही.

सोंगणीच्या कार्डाची पाठ उन्हात तिरपी धरल्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी लागल्या. पाठवणाऱ्याने लिहिले आहे की यंदा पाऊस थांबत नाही, पेंढ्या वावरातच उभ्या राहून कोंब फुटू लागले आहेत आणि तुमच्याकडे मात्र पावसाची वाट पाहत असाल. वर्गात हे वाचून दाखवल्यावर ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता त्याने ओल्या गव्हाचे त्यांनी पुढे काय केले असे विचारले. कोंब फुटलेल्या धान्याची भाकरी चिकट होते हे त्याला घरूनच माहीत होते. सरवा आणि इसार हे दोन शब्द सांगताच अर्धा वर्ग आपापल्या घरच्या गोष्टी सांगू लागला, आणि तास संपल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

एक अडचण उरली आहे. या कार्डावरच्या शिक्क्यातील वर्ष अर्धवट उमटले आहे, शेवटचा आकडा 2 किंवा 3 वाटतो. त्यावर मऊ पेन्सिल फिरवली तर उठाव दिसेल असे आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी सुचवले आहे. करू का?

टपालवेडा

अजिबात नको, सर. शिक्का शाईचा आहे, नाण्यासारखा उठावाचा नाही; पेन्सिलीने तो कायमचा जाईल आणि त्या तीन ओळींनाही धक्का लागेल. कार्ड खिडकीपाशी ठेवून एका बाजूने प्रकाश पडेल असा मोबाइलने फोटो काढा, मग फोटोतला तांबडा रंग कमी करून पाहा. तांबड्या तिकिटावरचा काळा शिक्का अशाने बहुतेक वेळा उघडतो. फोटो येथे टाका, मी आणि डार्करूम मिळून वाचून पाहतो. अकोल्याला आलात तर कार्ड सोबत आणा, माझ्याकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग आहे.

डार्करूम

धुळीच्या पट्ट्याविषयी: तो तरंगताना ठळक दिसतो याचा अर्थ काच कोरडी आणि कॅमेऱ्याची झडप (शटर) जलद होती. मोटारीच्या दिव्यावर ऊन कोणत्या बाजूने पडले आहे ते कळवा. सावल्या लांब असतील तर शाळा सुटल्यानंतरची वेळ आहे, आणि मग मुलांबद्दलचा आपला अंदाज मला पटतो.